सिक्कीमचे ‘विलीनीकरण’, ‘सामिलीकरण’ की ‘खालसा’?

प्रश्न : सिक्कीम १९७५ साली भारतात आले. मराठीत त्याला हे तिन्ही शब्द लावलेले दिसतात. नेमका कोणता धरावा? आणि ‘संरक्षित राज्य’ व ‘सहयोगी राज्य’ एकच का?

उत्तर : एकच नाहीत, आणि तिथेच बरेच लेख घसरतात. ५ डिसेंबर १९५० च्या करारानुसार सिक्कीम भारताचे संरक्षित राज्य होते. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण दिल्लीकडे, अंतर्गत कारभार गंगटोककडे. ३५ व्या घटनादुरुस्तीने १ मार्च १९७५ पासून ते सहयोगी राज्य झाले, म्हणजे भारतीय संघाशी जोडलेले, पण अजून पूर्ण घटक राज्य नव्हे. ही स्थिती दोन महिनेही टिकली नाही. ३६ व्या दुरुस्तीने ते भारताचे २२ वे घटक राज्य बनले. तेव्हा १९६० च्या सिक्कीमबद्दल लिहिताना ‘सहयोगी’ लिहिले तर ती चूकच.

आता मुख्य शब्द. ‘विलीन’ म्हणजे विरघळलेले. मीठ पाण्यात विरघळले की वेगळे काढून दाखवता येत नाही. कोल्हापूर संस्थान १९४९ साली मुंबई प्रांतात गेले, राज्य म्हणून उरले नाही. तिथे ‘विलीनीकरण’ चपखल बसते. सिक्कीम मात्र शेजारच्या पश्चिम बंगालमध्ये घातले गेले नाही. स्वतःची विधानसभा राहिली, जुने कायदे अनुच्छेद ३७१-फ खाली चालू राहिले. म्हणून मी ‘सामिलीकरण’ लिहीन.

दुसरे मत : राज्य राहिले हे खरे, पण राजसत्ता गेली, स्वतंत्र ओळख गेली, ते कुठे मोजायचे? ‘सामिलीकरण’मध्ये आपणहून येऊन बसल्याचा सूर आहे. ९ एप्रिल १९७५ ला भारतीय लष्कराने राजवाड्यावरच्या सिक्कीम गार्ड्सना निःशस्त्र केले, दुसऱ्या दिवशी विधानसभेने ठराव केला, १४ ला मतदान झाले. हा क्रम पाहून ‘खालसा’ म्हणणाऱ्यांना मी दोष देणार नाही.

उत्तर : क्रम बरोबर आहे आणि तो लपवू नये. पण ‘खालसा’ आपल्या कानात डलहौसीचा आहे : सातारा, १८४८, औरस वारस नाही म्हणून राज्य जप्त. सिक्कीमला वारस होता, आणि विधानसभेचा ठरावही होता. १९७४ च्या निवडणुकीत काझी ल्हेंदुप दोर्जी यांच्या सिक्कीम काँग्रेसने ३२ पैकी ३१ जागा जिंकल्या होत्या. राजाविरुद्धचा रोष खरा होता. लष्कराचा वापर सांगायचा तर तो वाक्यात सांगा, एका शब्दात कोंबू नका. टीकाच करायची असेल तर ‘बळकावले’ म्हणा, निदान ते मत आहे हे वाचणाऱ्याला कळते.

भर : ‘मांडलिक’ही टाळावे. मांडलिक खंडणी देतो. १९५० च्या करारात उलट भारतच सिक्कीम दरबाराला दरवर्षी ३ लाख रुपये देणार होता.

आणखी एक : ‘राजा चोग्याल’ ही द्विरुक्ती आहे. चोग्याल हे नाव नव्हे, पद आहे. तिबेटी शब्द, अर्थ धर्मराजा. शेवटच्या चोग्यालांचे नाव पाल्देन थोंडुप नामग्याल.

प्रश्न : मग १४ एप्रिलला ‘सार्वमत’ म्हणायचे की ‘जनमत कौल’?

उत्तर : गोव्याचा १६ जानेवारी १९६७ चा ‘जनमत कौल’ डोळ्यांपुढे आणा. मतपत्रिकेवर फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पाने म्हणजे केंद्रशासित. मतदाराला दोन वाटा होत्या. (तिथे ‘विलीनीकरण’ हाच योग्य शब्द, कारण गोवा महाराष्ट्रात विरघळणार होता.) सिक्कीममध्ये आधीच झालेल्या ठरावाला होय की नाही एवढेच विचारले. त्या एका ठरावात दोन गोष्टी होत्या : चोग्यालपद रद्द, आणि सिक्कीम भारताचा घटक. ज्याला राजा नको पण वेगळे सिक्कीम हवे, त्याला मत टाकायला जागाच नव्हती. ५९,६३७ होय, १,४९६ नाही. ‘सार्वमत’ लिहा, पण प्रश्न एकच होता हेही लिहा. नाहीतर आकडा जेवढे सांगत नाही तेवढे त्याच्या तोंडी घातले जाते.

भर : तारखेचा घोळही इथेच मिटवू. ३६ व्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती १६ मे १९७५ ची, अंमल मात्र २६ एप्रिलपासून मागे धरलेला. राज्यदिन १६ मेला पाळतात. ‘घटक राज्य झाले’ या वाक्यात दोन्हींपैकी कोणतीही तारीख चालेल, फक्त ती संमतीची की अंमलाची ते सांगावे.