एंजलसोबत कोण चालेल?
एंजल (एंजलफिश), निऑन टेट्रा आणि गोल्डफिश हे मासे एकाच टाकीत ठेवायचं म्हणताय, तर गोल्डफिश आधी वगळा. त्यांना २०-२२ अंशांचं पाणी मानवतं, एंजलला २५-२८ लागतं. शिवाय गोल्डफिश घाण फार करतात, पाण्यात माशांना विषारी अमोनिया झपाट्याने वाढतो.

खरी काळजी निऑनची वाटते. विकत घेताना एंजल एवढासा असतो, पण पूर्ण वाढला की ३-४ सेंटिमीटरचा सडपातळ निऑन त्याच्या तोंडात सहज मावतो. आणि बहुतेकदा रात्रीत एकेक गायब होतो. त्यापेक्षा अंगाने रुंद लेमन टेट्रा बघा. तळाला कोरीडोरस (तळाशी राहणारे छोटे कॅटफिश), पण किमान ६. एकटादुकटा घाबरून लपून बसतो. टायगर बार्ब मात्र कृपया नकोच, एंजलचे लांब पर कुरतडतात. टाकी किती लिटरची आहे?