अ‍ॅरोमॅटिक वलयावरून फ्लोरीन सर्वांत वेगाने का निघतो?

प्रश्न (एम.एस्सी., प्रथम वर्ष):
एसएन२ अभिक्रियेत (एका गटाची जागा दुसरा गट एकाच पायरीत घेतो) आयोडाइड हा उत्तम लीव्हिंग ग्रुप (निघून जाणारा गट) आणि फ्लोराइड सर्वांत निकृष्ट, हे पदवीपासून शिकत आलो. मात्र मिथेनॉलमध्ये २,४-डायनायट्रोहॅलोबेंझीनची (दोन नायट्रो गट व एक हॅलोजन असलेले बेंझीन वलय) पायपेरिडीन या अमीनशी अभिक्रिया केली असता फ्लोरो संयुगाचा वेग आयोडो संयुगाच्या सुमारे ३३०० पट, तर क्लोरो आणि ब्रोमो संयुगांचा जेमतेम चौपट भरतो, असे वाचले. कार्बन-फ्लोरीन बंध सर्वांत बळकट असूनही असे का घडते?

उत्तर १:
बंधाची बळकटी वेगावर परिणाम करते ती तो बंध वेगनिर्धारक (सर्वांत मंद, म्हणून एकूण वेग ठरवणाऱ्या) पायरीत तुटत असेल तरच. येथे आधी पायपेरिडीनचा नायट्रोजन हॅलोजनधारक कार्बनला जोडला जातो, वलयाची अ‍ॅरोमॅटिकता तात्पुरती मोडते आणि वलयात आलेला ऋणप्रभार ऑर्थो (लगतच्या) व पॅरा (समोरच्या) स्थानांवरील नायट्रो गटांवर पसरतो. हेच माइझेनहाइमर संकुल. ही पायरी मंद असते, हॅलाइड त्यानंतर झटकन निघून जातो. फ्लोरीनच्या तीव्र विद्युतऋणतेमुळे (इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या क्षमतेमुळे) तो कार्बन इलेक्ट्रॉन-न्यून होतो आणि पहिली पायरी वेगवान होते. आपण दिलेल्या आकड्यांत ३३०० पेक्षा मला क्लोरीन-ब्रोमीनची बरोबरी अधिक बोलकी वाटते, कारण बंध तुटण्यावर वेग अवलंबून असता तर ब्रोमो संयुग स्पष्टपणे पुढे गेले असते.

उत्तर २:
वरील स्पष्टीकरण योग्य आहे. जैवरसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिन या प्रथिनाच्या साखळ्यांची अमिनो टोके ओळखण्यासाठी १-फ्लोरो-२,४-डायनायट्रोबेंझीन वापरले, त्यामागे हीच तत्परता होती. परंतु यावरून ‘वलयावरचा फ्लोरीन नेहमीच आधी जातो’ असा नियम करू नये. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक तयार करताना पायपेराझीन हे अमीन सातव्या स्थानावरील क्लोरीनला हटवते आणि सहाव्या स्थानावरील फ्लोरीन जागेवरच राहतो. कारण सातवे स्थान कार्बोनिल गटाच्या पॅरा स्थानी येते, सहावे मेटा (एक कार्बन सोडून पुढच्या) स्थानी, आणि तेथे ऋणप्रभाराला कार्बोनिलचा आधार मिळत नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग फ्लोराइड निघण्याची पायरी कधीच मंद ठरत नाही का?

उत्तर १:
ठरते. बेंझीनसारख्या अध्रुवीय द्रावकात फ्लोराइड आयनाला सावरून धरणारे काही नसल्यामुळे, अमीन न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉन-न्यून कार्बनला जोडला जाणारा घटक) असताना दुसरी पायरी मागे पडू शकते. अशा वेळी जास्तीचे अमीन आम्लारी उत्प्रेरक म्हणून काम करते आणि त्याची संहती वाढवली की वेगस्थिरांकही वाढलेला दिसतो.