मदत हवी आहे: कॉलेजची निवडणूक दरवर्षी बिनविरोध होते, उमेदवार कसे मिळवायचे?

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यालगतच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यार्थी प्रतिनिधी निवडायला आमचं कॉलेज स्वतःच्या पातळीवर मतदान ठेवतं. पण मतदानाची वेळच येत नाही. याही वर्षी बहुतेक वर्गांतून एकेकच अर्ज आला आणि फलकावर 'बिनविरोध' लागलं. जिथे अर्जच नव्हता तिथे सरांनी नाव सुचवलं.

'मुलांना रसच नाही' असं सगळे म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. शिमग्याच्या पालखीचा मार्ग ठरवायला गावात बैठक बसली की हीच मुलं हमरीतुमरीवर येतात.

मी वर्गातल्या एका चांगल्या बोलणाऱ्या मुलाला उभा राहा म्हटलं. तो म्हणाला, "अर्ज घेणार तीन ते पाच. माझी गाडी सव्वातीनची, त्यानंतर थेट वस्तीची. घरी काय सांगू?" शिवाय अर्जावर सूचक आणि अनुमोदक समोर हजर हवेत, म्हणजे तिघांची गाडी चुकणार. ७५ टक्के हजेरीची अट आहे, ती विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीची. सकाळची एसटी उशिरा आली की पहिला तास जातो, आणि वर्षभरात लांबच्या गावांतली मुलं त्या अटीतच अडकतात. राहतात कोण? कॉलेजजवळ घर असलेले. सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक घ्यायची, म्हणजे आमच्याकडे नेमकी गणपतीच्या तोंडावर.

विचारायला कोणी सीनियरही नाही. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने निवडणुकीऐवजी गुणवत्तेवर नेमणुका आणल्या. २०१६ च्या नव्या विद्यापीठ कायद्यात निवडणूक परत आली, २०१९ मध्ये वेळापत्रकही निघालं, पण विधानसभा निवडणुकीमुळे ते पुढे ढकललं गेलं. प्रचार कसा करतात हे आमच्यातल्या कोणी पाहिलेलंच नाही.

प्राचार्यांनी सूचना लेखी मागितल्या आहेत. काय मागू? हजेरीची अट काढा म्हणू का? आणि घरचे 'राजकारणात पडू नको' म्हणतात, त्यांना कसं समजवायचं? विशेषतः मुलींच्या घरी.

---

प्रतिसाद १

ताई, मी याच पट्ट्यात बरीच वर्षं शिकवलंय. हजेरीच्या अटीला हात लावू नकोस. लिंगडोह शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या, त्यामुळे प्राचार्य 'माझ्या हातात नाही' म्हणतील आणि विषय तिथेच संपेल. त्यांच्या हातात आहे ते माग. अर्ज मधल्या सुट्टीत घ्यावेत. सूचक-अनुमोदकांच्या सह्या आधी घेतलेल्या चालाव्यात. उमेदवारांची भाषणं तासाच्या वेळेत वर्गातच व्हावीत. आणि पहिला तास एसटीच्या वेळेशी जुळवावा, त्यासाठी कुठल्या गावची गाडी किती वाजता पोचते याचा तक्ता जोडून दे. तक्ता समोर असला की नाही म्हणणं अवघड जातं.

पालकांसाठी सूचनापत्र कॉलेजच्या लेटरहेडवर जाऊ दे. मुलीने घरी सांगणं वेगळं, प्राचार्यांच्या सहीने कळणं वेगळं.

धागाकर्ती

सर, खूप आभार. सह्यांचं तर सुचलंच नव्हतं. तक्त्यासाठी उद्यापासून वर्गावर्गात गाड्यांच्या वेळा विचारते. दापोली, गुहागर, राजापूर भागातल्या कोणाच्या कॉलेजात अशा वेळा बदलून घेतल्या असतील तर अर्जाचा मसुदा इथे द्याल का?