प्रति: तयार नजरेतून सुटत नाही

चेंडूचे पास मोजण्यात गुंतलेल्या अनेक प्रेक्षकांना मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसलाच नाही, तो व्हिडिओ प्रसिद्ध आहे. त्यात फसले ते साधे प्रेक्षक, तयार नजरेच्या माणसाकडून असं सुटणार नाही, हा इथे मांडलेला मुद्दा मला पटत नाही. नेमकं हेच ड्रू, व्हो आणि वुल्फ या संशोधकांनी तपासलं. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. २४ रेडिओलॉजिस्टांना (स्कॅन वाचणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांना) फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या आणि शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घातलं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलंच नाही. डोळ्यांची हालचालही नोंदवली होती: त्या २० पैकी १२ जणांनी थेट गोरिलाच्या जागी पाहिलं होतं! म्हणजे डोळे पोचले होते, लक्ष गाठींवर होतं. सरावाचा उपयोग नाही असं मात्र नाही. हीच चाचणी दिलेल्या, वैद्यकीय प्रशिक्षण नसलेल्यांपैकी तर एकालाही गोरिला दिसला नाही.

मी मुद्रितशोधन करते. एकदा ऱ्हस्व-दीर्घ तपासण्याच्या नादात अख्खा परिच्छेद दोनदा आलेला माझ्या नजरेतून सुटला, आणि तसाच छापला गेला. फार लागलं ते मनाला. तेव्हापासून शुद्धलेखनाचं वाचन वेगळं आणि मजकुराचं वेगळं, शक्यतो दुसऱ्या दिवशी.