बंद पडलेलं परत कसं सुरू केलंत? (पन्नाशीनंतरचे अनुभव)

आमच्या बेडरूममध्ये व्यायामाची सायकल आहे. २०१९ च्या दिवाळीत घेतली. सध्या तिच्या हँडलवर माझे दोन पंजाबी ड्रेस, ह्यांचा टॉवेल आणि सीटवर इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचं गाठोडं असतं. मुलगी मागच्या महिन्यात आली होती. म्हणाली, "आई, स्टँड छान आहे गं, कितीला पडलं?"

वय ५४, उंची पाच फूट एक इंच, वजन ७१. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आला. डॉक्टर म्हणाले, डायबेटीस नाही, पण दारात चपला काढतोय.

आता मुद्दा असा, की सुरू कसं करायचं हे मला उत्तम येतं. मी आजवर किमान अकरा वेळा सुरू केलंय! झुंबा झाला. २०१८ मध्ये सगळीकडे दीक्षितांचं डाएट की दिवेकरांचं हे चालू होतं, तेव्हा आमच्या घरातही दोन पक्ष पडले. हे दोनदाच जेवायचे, ५५ मिनिटांत ताट संपवायचे. मी दर दोन तासांनी काहीतरी खायची आणि वरणभातावर तूप. दोघांनीही चार महिन्यांत शस्त्रं खाली ठेवली. दोष त्या दोघांचा नाही, आमचा. मग पर्वती. १०३ पायऱ्या, सहा महिने रोज चढले, अगदी न थांबता चढायला लागले होते. पावसात पाय मुरगळला, पंधरा दिवस सुट्टी घेतली. त्या पंधरा दिवसांना आता दीड वर्ष झालं.

तर सुरुवात कशी केलीत ते नका सांगू. बंद कधी पडलं, आणि परत उठून कशामुळे गेलात, ते सांगा. जिरं-ओव्याचं पाणी मी पिऊन झालेय, ते वगळून.

*

कट्टेकरी (दादर, वय ६२)

शिवाजी पार्कचा कट्टा एक फेरी मारली की साधारण १.१७ किलोमीटर. आम्ही सहाजण चार फेऱ्या मारतो. मी रिटायर झालो त्या वर्षी जोरात होतो, मग आईचं आजारपण, ती गेली, आणि माझं सकाळी उठायचं कारणच संपलं. आठ-आठ वाजेपर्यंत पडून राहायचो. मित्र फोन करायचे, "अरे ये रे," मी म्हणायचो, "उद्या."

मग त्यांनी एक बनेल काम केलं. एक दिवस संध्याकाळी दोघं घरी आले आणि थर्मास ठेवून गेले. म्हणाले, चहा आणणारा महिनाभर गावी गेलाय, तेवढा तू आण. सहा वाजून दहा मिनिटांनी, बिनसाखरेचा. आता मी गेलो नाही तर पाच म्हातारे बिनचहाचे कट्ट्यावर बसणार! पहिल्या दिवशी शिव्या घालत गेलो. चहा आणणारा गावीबिवी काही गेला नव्हता, तो तिथेच होता, मला बघून हसत होता.

थर्मासला आता चार वर्षं झाली. झाकण दोनदा बदललं. वजन सात किलोने उतरलं. जास्तही उतरलं असतं, पण रविवारी फेऱ्यांनंतर बटाटेवडा असतो आणि तो मी सोडणार नाही, कुणी सांगूही नये.

*

गडकरी नाही (पुणे, वय ५१)

दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. सहा महिन्यांत वजन दोन किलोने वाढलं. कट्टेकरीकाका, तुम्हाला +१.

*

झिम्मा (डोंबिवली, वय ५२)

माझी पाळी थांबल्यापासून तीन वर्षांत सगळं वजन पोटावर येऊन बसलं. आधी ते सगळीकडे सारखं वाटलेलं असायचं. झोप तुटक, रात्री दोनला घाम. जिमची वर्षाची फी भरली आणि एकोणीस दिवस गेले. तिथे आरशात स्वतःकडे बघत काहीतरी उचलायचं, माझा जीव रमेना.

शेजारणीने मंगळागौरीच्या ग्रुपमध्ये ओढलं. चौदाजणी, धाकटी २८ ची, थोरली ६३ ची. श्रावणातल्या कार्यक्रमांसाठी आम्ही वैशाखातच सराव सुरू करतो, सोसायटीच्या गच्चीवर, आठवड्यातून चार दिवस. पहिल्या दिवशी फुगडीचे दहा वेढे झाले आणि मी पाण्याच्या टाकीला धरून उभी. लोकांना वाटतं, नऊवारी नेसून गाणी म्हणतात. जरा 'कोंबडा' खेळून बघा! उकिडवं बसून उड्या मारत पुढे जायचं आणि तोंडाने गाणं चालू ठेवायचं. जिममधला तो मुलगा ज्याला स्क्वॉट म्हणायचा, त्याची ही आजी.

बंद पडायची आमची ठरलेली वेळ म्हणजे श्रावण संपला की. पहिल्या वर्षी तसंच झालं, भाद्रपदापासून चैत्रापर्यंत मी पुन्हा सोफ्यावर. दुसऱ्या वर्षी थोरलीने सांगितलं की तालीम बंद करायचीच नाही, कार्यक्रम असो नसो. ती ६३ ची बाई गुरुवारी गच्चीचं कुलूप उघडून एकटी उभी राहते. मग खाली राहून चालतं का?

वजन फक्त तीन किलो उतरलंय, खोटं कशाला बोलू. पण मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठते. मागच्या गणपतीत सगळ्या जावा बघत राहिल्या.

*

सासूबाई झोपल्यात (सांगली, वय ५६)

वाचतेय सगळं. छान वाटतंय. पण थर्मास, गच्ची, टेकडी, हे घराबाहेर पडता येतं त्यांचं. माझ्या सासूबाई अडीच वर्षं अंथरुणावर आहेत. बाई सकाळी दोन तास येते, तेवढ्यात बँक, दूध, औषधं. मला थायरॉईड आहे, गुडघे आहेत, वजन ७८ आहे. इच्छा नाही असं नाही. बंद पडायला माझं सुरूच कधी झालं नाही.

*

आकडेमोड (नाशिक, वय ५८)

माझं बंद पडलं ते फोनमुळे. रोज दहा हजार पावलं, सलग २१२ दिवस. भाच्याच्या लग्नात दिवसभर नाचलो, वाढलो, पळापळ केली आणि संध्याकाळी कळलं की फोन सकाळीच मान टाकून बसलाय. त्या दिवशीची पावलं शून्य. मला इतका राग आला की मी दुसऱ्या दिवशी गेलोच नाही. नंतर तीन महिने गेलो नाही. ५८ वर्षांचा माणूस फोनवर रुसला होता.

मग वाचलं की तो दहा हजारांचा आकडा मुळात १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावलं मोजायच्या यंत्राचा. यंत्राचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर. कुणा डॉक्टरने मोजूनमापून काढलेला आकडा नव्हता तो. फार हलकं वाटलं.

आता दोनच गोष्टी मोजतो. एक, महिन्यातून एकदा शिंप्याच्या टेपने कंबर. आपल्या लोकांत पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत असावी म्हणतात. माझी १०४ ची ९६ झाली. काटा त्याच काळात फक्त चार किलो हलला. काट्यावर विसंबलो असतो तर कधीच सोडलं असतं. दुसरं, ताटातली प्रथिनं. वय वाढतं तसे स्नायू झिजतात आणि नुसतं खाणं तोडलं तर चरबीबरोबर तेही जातात, हे मला पन्नाशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम धरतो (किडनीचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच). एका अंड्यात सहा ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. आमच्याकडच्या आमटीत किती, ते विचारू नका, तिच्यात डाळ शोधावी लागते. आणि उपासाला साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आपल्या पूर्वजांनी माझ्याकडे बघूनच म्हटलं असणार.

*

बांधावरचा (कराडजवळ, वय ५७)

आमच्याकडं व्यायाम हा शब्दच हसण्यावारी नेतात. शेतकऱ्याला कसला व्यायाम म्हणून. पण खरं सांगू का, बैलं गेली, ट्रॅक्टर आला, ठिबक बसलं, मोटर मोबाईलवर चालू होते. मी घरातून गाडीवर मळ्यात, मळ्यातून गाडीवर चौकात, तिथं चार ठिकाणी चहा. वडील ऐंशीव्या वर्षी काटक होते, माझं पोट पंचावन्नला सदऱ्याची बटणं तोडाय लागलं.

मळा दोन किलोमीटरवर. चालत जायचं ठरवलं. आठच दिवसांत बंद पडलं, कारण वाटेत दिसेल तो गाडी थांबवून म्हणायचा, "बसा की आबा, सोडतो." नाही म्हटलं तर माणसं दुखावतात. काहींना वाटलं माझी गाडी बँकेनं ओढून नेली!

शेवटी म्हैस घेतली. धारा मंडळी काढतात, पण सकाळी तिला मळ्याकडं न्यायचं आणि सांजचं आणायचं काम माझं. म्हशीबरोबर चालणाऱ्याला कुणी लिफ्ट देत नाही. चाल जरा मंद आहे, ते कबूल. पण पाऊस असो, लगीन असो, म्हैस सुट्टी देत नाही. बटणं लागतात आता.

*

धागाकर्ती

म्हैस!! मी हे ह्यांना वाचून दाखवलं, ह्यांनी सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये कुठे बांधायची ते सुद्धा ठरवलं. सायकलला.

*

बर्फातला पुणेकर (टोरोंटो, वय ५५)

इथे जानेवारीत अंधारात उणे पंधरामध्ये बाहेर पडायला माणूस वेडा लागतो. दर डिसेंबरला माझं बंद पडायचं आणि एप्रिलमध्ये सहा किलोंसकट सुरू व्हायचं.

आई पुण्यात, ८१ ची. हिवाळ्यात माझे सकाळचे साडेसात म्हणजे तिचे संध्याकाळचे सहा. एकदा बोलता बोलता धाप ऐकू आली, घाबरलो. ती म्हणाली, "अरे काही नाही, पॅसेजमध्ये फेऱ्या मारतेय, तुझ्याशी बोलताना बऱ्या होतात." मी सोफ्यावर पसरलो होतो. लाज वाटली. तेव्हापासून मी जवळच्या मॉलमध्ये दुकानं उघडायच्या आधी चालत चालत फोन करतो. चाळीस मिनिटं. मी थांबलो की तिला कळतं, आवाजावरून. म्हणते, "का रे, दमलास?"

*

सांधेदुरुस्ती (ठाणे, फिजिओथेरपिस्ट, माझंही वय ५३)

सासूबाई झोपल्यात ताई, तुम्हाला सल्ला द्यायला संकोच वाटतो. वेळ काढा, असं म्हणणाऱ्यांचा मलाही राग येतो. तरी एक सांगते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते, ते सगळ्यांना पाठ असतं. त्याच्याच पुढे आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद येईल असं काहीतरी करा, असंही लिहिलंय. ते सगळे विसरतात. आणि ते घरात होतं.

जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, सरकायला नको. हात छातीशी. उभं राहायचं, सावकाश बसायचं, धप्पकन नाही. गुडघे कुरकुरत असतील तर सीटवर उशी ठेवून उंची वाढवा. सुरुवातीला पाच. दुखणं वाढलं तर थांबा आणि कुणाला तरी दाखवा. पेशंटला उचलता-वळवताना तुमची कंबर वाचेल, मला खरी काळजी त्याची आहे. वजनाचं नंतर बघू.

*

धागाकर्ती

तीन आठवड्यांनी धागा वर आणतेय. पर्वतीला जाणं परत सुरू केलंय, एकूण नऊ दिवस झाले. सलग नाहीत, आकडेमोड यांच्यामुळे सलगचा नाद सोडला. न थांबता चढता येत नाही, मध्ये दोनदा टेकावं लागतं, आणि वर गेल्यावर पूर्वीच्या ओळखीच्या एक आजी म्हणाल्या, "बऱ्याच दिवसांनी? परदेशी होतात का?" मी हो म्हणून टाकलं.

सायकल विकायला काढली होती. एकाने येऊन बघितली, आणि तिच्यावरचे कपडे बाजूला केल्यावर ह्यांना ती एकदम आवडायला लागली. आता रोज रात्री बातम्या बघताना चालवतात. माझे पंजाबी ड्रेस दारामागे गेले.

*

सासूबाई झोपल्यात

फिजिओताई, खुर्ची केली. पाचने सुरू केलं, चहा उकळतो तेवढ्या वेळात. स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली यांच्यामध्ये दार नाही, पडदा आहे. चौथ्या दिवशी आतून आवाज आला, "काय गं, सारखी उठतेस-बसतेस, काय हरवलं?" सांगितलं. मग म्हणाल्या, पडदा बाजूला सार.

आता त्या मोजतात. आयुष्यभर शाळेत मास्तरीण होत्या, त्यामुळे धप्पकन बसलं की तो धरत नाहीत. काल मी चौदा म्हटलं, तर आतून, "तेरा. एक अर्धाच उठलीस."