ट्रेलरच्या स्लाइडवर टॉपर बसवावा की नाही?

मेघना_ऑस्टिन

नमस्कार मंडळी. आम्ही ऑस्टिनजवळ राहतो आणि गेल्या हिवाळ्यात एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, घेतला आहे. त्याला दोन स्लाइड-आउट आहेत, म्हणजे मुक्कामी भिंतीतून बाहेर सरकवून आतली जागा वाढवणारे भाग. बैठकीच्या बाजूची मोठी स्लाइड सुमारे बारा फूट लांब आहे आणि झोपण्याच्या खोलीतली बरीच लहान आहे. दोन्हींवर टॉपर नाही, म्हणजे स्लाइड बाहेर सरकली की तिच्या छतावर आपोआप उलगडणारे आणि ती आत घेतली की गुंडाळले जाणारे कापड नाही. ते बसवून घ्यावे की नाही, याविषयी आमच्या घरात बरेच दिवस चर्चा चालू आहे.

आमचा बहुतेक प्रवास टेक्सासच्या हिल कंट्री भागातल्या राज्य उद्यानांत होतो. इंक्स लेक आणि पेडर्नेलिस फॉल्स ही आमची नेहमीची ठिकाणे. तिथे सावलीसाठी लाइव्ह ओकच्या झाडाखालची जागा घ्यावीच लागते आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ही झाडे जुनी पाने टाकून नवी धरतात, त्यामुळे सकाळी पाहावे तर स्लाइडचे छत पानांनी भरलेले असते. आई-बाबा पुण्याहून येतात तेव्हा मुक्काम लांबतो. या उद्यानांत सलग चौदा रात्री राहता येते आणि आम्ही शक्यतो ती मुदत पुरेपूर वापरतो. उन्हाळ्यात मात्र मस्टँग आयलंडच्या किनाऱ्यावर जायचा विचार आहे.

दुरुस्तीच्या दुकानात सांगितले गेले की टॉपर नसेल तर स्लाइड गळणारच. उद्यानात शेजारी उतरलेल्या एका अनुभवी जोडप्याचे म्हणणे अगदी उलट होते : कापडात पाणी साठते, वाऱ्यात ते फडफडते आणि काही वर्षांत फाटते, तेव्हा त्या भानगडीत पडूच नका. मोठ्या स्लाइडच्या वरच्या सीलचे, म्हणजे स्लाइड आणि भिंत यांच्यातली फट बंद करणाऱ्या पट्टीचे, रबर एका कोपऱ्यात कडक झालेले दिसते, पण आत ओल आलेली नाही. अशा परिस्थितीत हा खर्च करावा का, आणि करायचा तर दोन्ही स्लाइडवर करावा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पाचवे_चाक

मेघनाताई, नमस्कार. आम्ही दोघे निवृत्तीनंतर वर्षाचा बराचसा काळ फिफ्थ व्हीलमध्येच (पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडून ओढायचा मोठा ट्रेलर) राहतो आणि आमच्या तिन्ही स्लाइडवर टॉपर आहेत, त्यामुळे याच्या दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत. दुकानदाराने तुम्हाला जे सांगितले ते मला पटत नाही. टॉपर हा गळतीवरचा इलाज नाही. पाणी अडवण्याचे काम सीलचे आहे, आणि सील चांगले असेल तर उघड्या स्लाइडवर पाऊस पडला तरी आत काही येता कामा नये. टॉपरची दोन्ही टोके उघडीच असतात. वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस कापडाखालून छतावर पोहोचतो, आणि तिथे सील कडक झालेले असेल तर वर कापड असूनही पाणी आत शिरते.

टॉपरचा खरा उपयोग कचऱ्यापासून आहे, आणि तुमच्या बाबतीत तो मोठा आहे. स्लाइड आत घेताना वरचे रबरी पाते छतावरचे पाणी बाहेरच्या बाजूला निपटत नेते. पाने कोरडी असतील तर तीही बहुधा ढकलली जातात. वसंत ऋतूत मात्र लाइव्ह ओक पानांबरोबर तपकिरी तुरेही टाकतो, आणि ते दवाने भिजले की त्यांचा चिकट थर होतो. पाते त्यावरून घसरते, तुरे त्याच्या खाली अडकतात, आणि जिथे जिथे असा गोळा अडकतो तिथे रबर उचलले जाऊन फट पडते. पुढच्या पावसात त्याच फटीतून पाणी येते. आमच्या जुन्या ट्रेलरला टॉपर नव्हता. त्याच्या आतल्या छताच्या पट्टीवर तुऱ्यांच्या पिवळसर रेघा उमटत, आणि कोणत्या जागी पाते उचलले गेले आहे ते त्या रेघांवरून नेमके कळत असे. शरद ऋतूत ओकची फळे पडतात, तीही छताच्या पातळ पडद्याला त्रास देतातच.

आता साठणाऱ्या पाण्याविषयी. कापडाची एक कड ट्रेलरच्या भिंतीवरच्या पट्टीत असते आणि दुसरी स्लाइडच्या बाहेरच्या कडेवरील रोलरवर. या दोहोंच्या उंचीत फरक फारसा नसल्यामुळे उतार अगदी थोडा मिळतो, आणि टेक्सासच्या मोठ्या वादळी सरीनंतर कापडाच्या मध्यावर पखालीसारखा फुगा तयार होतो. स्लाइड जितकी खोल, तितका हा फुगा मोठा. तो तसाच ठेवला तर कापड सैल पडत जाते. आम्ही अशा वेळी स्लाइड फूटभर आत घेतो. स्प्रिंग कापड ओढून घेते, ते ताणले जाऊन पाणी बाहेर ओघळते, आणि मग स्लाइड पुन्हा पूर्ण बाहेर काढतो. हे करण्यापूर्वी स्लाइडच्या खाली कोणी उभे नाही हे पाहून घ्यावे, कारण बादलीभर थंड पाणी एकदम पडते. ट्रेलर समतल करताना मोठ्या स्लाइडची बाजू किंचित खाली ठेवली तरी बराच फरक पडतो. काही जण कापडाखाली हवेचा चेंडू ठेवून उतार करतात. युक्ती चालते, पण निघायच्या घाईत तो काढायचा राहिला तर रोलर वाकतो, म्हणून मी ती सुचवत नाही.

माझे मत विचाराल तर आधी सील बदला, आणि मग मोठ्या स्लाइडवर टॉपर बसवा. झोपण्याच्या खोलीतल्या लहान स्लाइडचे छत शिडीवर उभे राहून लांब दांड्याच्या मऊ झाडूने सहज साफ होत असेल, तर तिच्यावर खर्च करण्याची निकड नाही.

खाडीकाठ

मी कॉर्पस क्रिस्टी भागात राहतो, त्यामुळे आपण मस्टँग आयलंडचा जो उल्लेख केला आहे त्याविषयी लिहिणे भाग आहे. या किनाऱ्यावर उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा दुपारपासून जोर धरतो आणि रात्री उशिरापर्यंत उतरत नाही. टॉपरचे कापड अशा वाऱ्यात वर उचलले जाते आणि पुन्हा स्लाइडच्या छतावर आपटते. आत झोपलेल्या माणसाला डोक्यावर कोणी सतत थाप मारत असल्यासारखे ऐकू येते. कापड तुटेल या भीतीने शेवटी स्लाइड आत घ्यावी लागते, आणि स्लाइड आत गेली की बैठकीतला सोफा व जेवणाचे टेबल वापरता येत नाही. आपल्याबरोबर वयस्क मंडळी असतील तर ही गैरसोय लहान समजू नये.

ऊन आणि खारी हवा यांनी कापडापेक्षा आधी शिवण जाते. वरून कापड ठाकठीक दिसते, पण बोटाने दाबले की दोरा कुजल्यासारखा तुटतो. आमचे ट्रेलर वर्षभर उघड्यावर, झाडाविना उभे असते. इथे पानेच पडत नाहीत, तेव्हा आम्ही टॉपर काढून टाकले आणि दर निघण्याच्या सकाळी छतावरची वाळू व पक्ष्यांची घाण ब्रशने झाडतो. सीलला वर्षातून काही वेळा रबरासाठीचा द्रव लावतो. पेट्रोलियम असलेले वंगण मात्र रबराला लावू नये, त्याने ते फुगते.

तरीही पाचवे_चाक यांचे म्हणणे मला मान्य आहे. आपले बहुतेक मुक्काम ओकखाली होणार असतील तर निर्णय त्या मुक्कामांवरून घ्यावा, किनाऱ्यावरच्या एका सहलीवरून नव्हे. फक्त किनाऱ्यावर ट्रेलर उभा करताना तो शक्य तितका असा वळवावा की मोठी स्लाइड वाऱ्याच्या आडोशाला येईल.

ओरेगनकर

आमच्याकडे प्रश्न पाइनच्या सुयांचा आणि महिनोन् महिने चालणाऱ्या पावसाचा आहे, म्हणून फक्त कापडाविषयी लिहितो. व्हिनाइलचे कापड पाणी पार जाऊ देत नाही आणि पुसायला सोपे असते, पण ओले असताना गुंडाळून ठेवले तर त्यावर काळी बुरशी धरते. विणलेले ॲक्रिलिक कापड श्वास घेते, उन्हात रंग टिकवते, मात्र त्यावर पाणी साठून राहिले तर हळूहळू झिरपते. टेक्साससारख्या ठिकाणी, जिथे सर मोठी येते पण दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडते, मी व्हिनाइल निवडले असते. कोणतेही घेतले तरी ओले गुंडाळले असेल तर घरी पोहोचल्यावर स्लाइड उघडून ते वाळवावे, आणि तेव्हाच कापडाखाली टोकांच्या बाजूंनी शिरलेली पाने व गांधीलमाशांची घरटी आहेत का ते पाहावे. टॉपर आहे म्हणून कोणी वर डोकावत नाही आणि कचरा वर्षभर तिथेच कुजत राहतो, असे मी बऱ्याच ट्रेलरवर पाहिले आहे.

एल्खार्ट_कारागीर

मी इंडियानात ट्रेलर दुरुस्तीचे काम करतो. इथून जवळच नॅपनीत न्यूमार कंपनीने १९९० साली मोटरहोमला, म्हणजे स्वतःचे इंजिन असलेल्या चालत्या घराला, स्लाइड दिली, आणि तेव्हापासून स्लाइडच्या छताचे काय करावे हा प्रश्न आमच्या दारात येतच आहे. वर जे लिहिले गेले ते योग्य आहे. भिंतीविषयी कोणी लिहिलेले नाही म्हणून लिहितो.

टॉपर बसवायचा म्हणजे ट्रेलरच्या भिंतीत एक लांब पट्टी स्क्रूंनी बसवायची. टॉपरमुळे होणारे नुकसान मी पाहिले आहे ते बहुतेक याच ठिकाणी. फायबरग्लासच्या चिकटवलेल्या भिंतीत मागे ॲल्युमिनियमचा किंवा लाकडाचा आधार नसेल आणि स्क्रू नुसत्या फोममध्ये गेला, तर वाऱ्याने कापड ओढले की पट्टी सैल होते, स्क्रूच्या भोकांतून पाणी भिंतीत उतरते आणि आतले प्लायवूड कुजायला लागते. स्लाइडचे सील वाचवण्यासाठी केलेला खर्च अशा वेळी भिंत बदलण्यापर्यंत जातो. म्हणून आपल्या ट्रेलरच्या कंपनीला अनुक्रमांक कळवून विचारावे की स्लाइडच्या उघडणीच्या वर टॉपरसाठी आधार दिलेला आहे का. बऱ्याच ट्रेलरमध्ये तो कारखान्यातच दिलेला असतो, कारण तीच गाडी टॉपरसह देखील विकली जाते. पट्टीच्या मागे पूर्ण लांबीभर ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) हवी, प्रत्येक स्क्रूच्या भोकात सीलंट हवे, आणि वरच्या कडेला न ओघळणारे सीलंट हवे. दुकानात काम देणार असाल तर या तीन गोष्टी लेखी मागाव्यात.

रोलरच्या स्प्रिंगविषयी एक सक्त सूचना. तिला पुस्तिकेत दिलेले तेवढेच फेरे द्यायचे असतात, आणि फेरे दिल्यावर रोलर पिनेने अडकवल्याशिवाय हात सोडायचा नसतो. सुटलेली स्प्रिंग मनगट मोडू शकते. दोन माणसे, दोन शिड्या आणि वारा नसलेली सकाळ नसेल तर हे काम घरी करू नये.

मेघना_ऑस्टिन

सर्वांचे मनापासून आभार. आपण लिहिल्यावर काल शिडी लावून वरच्या सीलवर बोट फिरवले. कडक वाटलेल्या कोपऱ्यात रबराला बारीक चिरा पडल्या आहेत आणि पात्याखाली वाळलेल्या तुऱ्यांचा गोळा अगदी सांगितल्यासारखा घट्ट बसलेला निघाला. तेव्हा सील आधी बदलायचे हे ठरले. ट्रेलरच्या कंपनीलाही आधाराविषयी पत्र लिहिले आहे. होकार आला तर फक्त मोठ्या स्लाइडवर व्हिनाइलचा टॉपर बसवू.

एक शंका राहते. आमच्या प्रवासात महामार्गावर बाजूचा वारा पुष्कळ असतो. गुंडाळलेले कापड धावत्या गाडीत सुटण्याची भीती कितपत खरी आहे, आणि माप नेमके कशाचे घ्यायचे?

पाचवे_चाक

भीती खरी आहे. वारा कापडाच्या घडीत शिरला की स्प्रिंगच्या ताणाविरुद्ध रोलर फिरू शकतो, आणि एकदा का ते फुगले की काही क्षणांत फाटते. म्हणून स्लाइड आत गेल्यावर रोलर आपोआप अडकवणारे कुलूप असलेलाच प्रकार घ्यावा. केअरफ्री, डोमेटिक आणि लिपर्टचा सोलेरा हे इथे सहज मिळतात; मागवण्यापूर्वी ज्या मॉडेलमध्ये कुलूप आहे तेच नेमके विचारून घ्या. अमारिलोच्या बाजूला, पॅनहँडलमध्ये, जाणार असाल तर निघण्यापूर्वी मागे चालत जाऊन कापड सरळ गुंडाळले गेले आहे ना हे डोळ्यांनी पाहावे. एका टोकाला घडी पडलेली दिसली तर स्लाइड पुन्हा बाहेर काढून ती सरळ करावी.

मापासाठी कापडाकडे पाहू नका. स्लाइडच्या बाहेरच्या चौकटीची एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची रुंदी वरच्या बाजूला मोजा, कारण रोलर धरणारे कंस (ब्रॅकेट) त्या चौकटीवरच बसतात, आणि कंपनीच्या तक्त्यात तेच माप शोधा. स्लाइड किती खोल बाहेर येते हेही कळवावे लागते. एल्खार्टच्या मित्राने लिहिलेल्या आधाराविषयी होकार येईपर्यंत मात्र काहीही मागवू नका; नकार आला तर सील बदलून, शिडी आणि मऊ झाडू बरोबर ठेवूनही ओकखालचे मुक्काम व्यवस्थित पार पडतील. फक्त झाडणे दर सकाळी, दव वाळल्यानंतर आणि स्लाइड हलवण्यापूर्वी, न चुकता करावे लागेल.