पीपीच्या गाभ्यावर टीपीईचा थर धरत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

हातअवजाराच्या मुठीचं काम चालू आहे. आत पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा) कडक गाभा, वर टीपीईची (रबरासारख्या प्लास्टिकची) मऊ पकड. टीपीई एसईबीएस या रबरासारख्या पॉलिमरवर आधारलेलं, पीपीला चिकटतं म्हणूनच घेतलेलं. टू-शॉट मशीन (दोन्ही माल एकाच मशीनवर लागोपाठ भरणारं) नाही. गाभे एका डायमध्ये (साच्यात) काढतो, हाताने दुसऱ्या डायमध्ये बसवतो आणि वरचा शॉट मारतो, म्हणजे वितळलेलं टीपीई दाबाने भरतो.

थर सुटतो, तोही गेटपासून (माल डायमध्ये शिरतो त्या तोंडापासून) लांबच्या टोकालाच. नखाने कड उचलली की सालीसारखा निघून येतो, खाली पीपी लख्ख. सुटलेल्या थराच्या आतल्या बाजूला गाभ्यावरचा बारीक ओरखडासुद्धा जसाच्या तसा उमटलेला दिसतो. म्हणजे माल तिथवर पोचतोय, पण दोन्ही वितळून एकजीव होत नाहीत.

टीपीईचं बॅरल (माल वितळवणारी नळी) १९० वरून २१० अंशांवर नेलं, थोडा फरक पडला. होल्डिंग प्रेशर (डाय भरल्यावर धरून ठेवायचा दाब) वाढवलं तर फ्लॅश आला, म्हणजे फटीतून जादा माल बाहेर आला, परत उतरवलं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. डायमधून निघालेला गाभा गरम असतानाच बसवला तर थर असा धरतो की ओढल्यावर टीपीई मधूनच फाटतं. कालच्या क्रेटमधला गाभा घेतला की पुन्हा तेच. दाणा (कच्चा माल) एकच, सेटिंग एकच.

गाभे आधी तापवावेत का? वाकतील अशी भीती वाटते. ही मूठ धरून कुणीतरी दिवसभर राबणार आहे. तिची साल निघालेली मला चालणार नाही.

प्रतिसाद

गरम गाभ्यावर टीपीई मधून फाटतं, म्हणजे ग्रेडची जोडी बरोबर आहे. थंड गाभ्याला टेकताच टीपीईची उष्णता जाते. पीपीचा पृष्ठभाग वितळायच्या आत ते गोठतं. शेवटच्या टोकाला माल आधीच थंडावलेला असतो, म्हणून तिथेच सुटतं. गाभे ओव्हनमध्ये ६०–७० अंशांना तापवून लगेच बसवा, एवढ्याने पीपी सहसा वाकत नाही.

पण त्याआधी एक विचारतो: पहिल्या डायला सिलिकॉन स्प्रे मारता का? मारत असाल तर आजच बंद करा, तो गाभ्यावर राहिला की टीपीई धरत नाही, आणि गाभे उघड्या हाताने हाताळू नका. पीपीत स्लिप ॲडिटिव्ह (पृष्ठभाग निसरडा करणारं द्रव्य) असेल तर तेही पडून राहिलेल्या गाभ्यावर हळूहळू वर येतं.

टीपीईची कड निमुळती होत शून्यावर संपते का? तसं असेल तर गाभ्यावर काटकोनी पायरी काढून थर तिच्याशी थांबवा. पातळ कड कितीही चिकटवली तरी नखाला सापडतेच. शक्य असल्यास त्या कडेचा फोटो टाका.